मारोतीला नाटक समोरून बघायचं होतं

अकरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका नाट्यगृहात, भर प्रयोगात, एका माणसानं मला विचारलं की हे तुमच्यासोबत आहेत का, आणि मी नाही म्हणालो. शेजारच्या खुर्चीवर मारोती बसला होता. माझा वर्गमित्र, माझ्या गावचा, येताना बसमध्ये माझ्याच शालीचं अर्धं टोक पांघरून बसलेला. मी म्हणालो, मी यांना ओळखत नाही. मारोतीच्या आठवणी लिहायला बसलो तेव्हा त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत एवढंच मनात होतं. पण ही गोष्ट आधी सांगितल्याशिवाय त्यातला एकही शब्द लिहायचा मला हक्क नाही.

मारोती गेल्याला आता सात आठवडे होतील. मी कळमनुरीला एका कचेरीत कारकून आहे. सकाळची वेळ होती, टेबलावर अर्जांचा ढीग होता आणि कुरुंद्याहून, म्हणजे आमच्या गावाहून, फोन आला. भावकीतला माणूस बोलत होता. मारोती हळदीला पाणी देऊन राहिला होता म्हणाला, दम लागला म्हणून बांधावर टेकला आणि तसाच राहिला. मी फोन ठेवला. समोरच्या सहकाऱ्यानं काय झालं ते विचारलं. मी म्हणालो, ‘माझा एक...’ आणि पुढचा शब्द येईना. तेवढ्यात डाव्या कानाशी, फुंकर घालावी तितक्या हलक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, ‘मित्र.’ मी वळून पाहिलं. डावीकडं फायलींचं कपाट होतं.

तो आवाज मी कुठंही ओळखला असता. तरुणपणी आम्ही गावात नाट्यमंडळ काढलं होतं. गणपतीत दरवर्षी एक नाटक व्हायचं, मंदिरासमोरच्या ओट्यावर. नायक मी, आणि प्रॉम्टर मारोती. नाटकाचं छापील पुस्तक एकच असायचं, तेही वाचनालयातून आणलेलं, परत करायचं. मग मारोती रोज दुपारी शेतातल्या खोपीत बसून प्रत्येकाची नक्कल उतरवायचा. नक्कल म्हणजे ज्याची त्याची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याचे शेवटचे दोन शब्द, म्हणजे कधी बोलायचं ते कळावं. अक्षर मोत्यासारखं. कागदाच्या कोपऱ्यावर मात्र हळदीचा पिवळा अंगठा उमटलेला. आठ-दहा जणांच्या नकला उतरवेपर्यंत त्याला अख्खं नाटक पाठ व्हायचं. मग प्रयोगाला तो डाव्या विंगेत उभा राहायचा. हातात वही असायची, पण वहीत बघताना मी त्याला कधी पाहिलं नाही. तो नटाच्या तोंडाकडं बघायचा.

त्याची एक पद्धत होती. नट थांबला की मनात तीन मोजायचे, चौथ्याला वाक्य द्यायचं. आधी दिलं तर नट चिडतो, उशिरा दिलं तर लोक हसतात. आणि ते वाक्य असं द्यायचं की विंगेतून निघून सरळ नटाच्या कानात शिरावं, पहिल्या रांगेत बसलेल्या सरपंचालाही पत्ता लागू नये. ही करामत त्याला कुणी शिकवली नव्हती. मी विसरभोळा. एकेका अंकात सहा-सात वेळा अडकायचो, आणि दर वेळी चौथ्या आकड्याला वाक्य कानात यायचं. मी ते उचलून असं म्हणायचो, जणू आत्ताच काळजातून निघालं. टाळ्या मला पडायच्या. मंडळातले लोक त्याची टिंगल करायचे, ‘मारोत्या, तुला तं नटाचा एकच कान दिसतो. नाटक कव्हा बघतूस तू?’ तो म्हणायचा, ‘त्याच कानावर तुमचं नाटक चालतंय बाबा.’ सगळे हसायचे. पण ते खरं होतं. मारोतीनं उभ्या आयुष्यात एकही नाटक समोरून पाहिलेलं नव्हतं.

पुढं मी नोकरीसाठी कळमनुरीला आलो, तरी तालमींना मोटारसायकलवरून जायचो. अशातच एकदा पेपरात वाचलं की आम्ही पंधरा वर्षांपूर्वी गावात केलेलं एक जुनं नाटक एक मोठा नट पुन्हा करतोय, आणि पुण्यात प्रयोग लागलेत. मी सहज मारोतीला फोनवर सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी बाळापूरला गाडी बदलून थेट माझ्या कचेरीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, ‘चल की. एकदा समोरून बघतो.’ चाळीशी ओलांडलेला माणूस, पण मागणं एखाद्या लेकरासारखं. ठरलं. शुक्रवारी ट्रॅव्हल्सनं निघायचं, शनिवारी दोन नवी नाटकं बघायची आणि रविवारी दुपारी आमचं. सुमनवहिनींनी, म्हणजे मारोतीच्या बायकोनं, धपाट्यांचा एवढा मोठा डबा दिला की बसमधल्या निम्म्या लोकांनी खाल्ले.

शनिवारची दोन्ही नाटकं मारोतीनं शांतपणे पाहिली. नाटकं नवी, त्याला एक वाक्य ठाऊक नाही, त्यामुळं तो अगदी मोकळा होता. पहिल्या मध्यंतरात मात्र त्यानं मला कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं की इथं प्रॉम्टर कुठं बसवतात, त्याला दोन्ही विंगांत कुणीच दिसून नाही राहिलं. मी म्हणालो, इथं प्रॉम्टर नसतो. त्याचा विश्वास बसेना. ‘म्हंजी ह्यांचं अडकतच न्हाई?’ मी म्हणालो, नाही अडकत, धंदाच आहे त्यांचा. त्यानं वळून पडद्याकडं पाहिलं. मग म्हणाला, ‘लई भेव वाटत असंल पण त्यांना.’

रविवारी दुपारी आम्ही तिसऱ्या रांगेत बरोबर मध्यभागी बसलो. माझ्या डावीकडं मारोती, उजवीकडं एक पुणेकर गृहस्थ, चंदेरी काड्यांचा चष्मा, हातात रुमाल. पडदा उघडायला वेळ होता. त्यांनी विचारलं, कुठून आलात. मी सांगितलं, आणि सांगता सांगता हेही सांगितलं की मी मराठवाड्यात नाटकं करतो, हीच भूमिका मी केली आहे. गावातल्या गणपतीत, हे सांगितलं नाही. ते ‘अरे वा’ म्हणाले आणि माझ्याकडं जरा वळून बसले. पलीकडून मारोती पुढं झुकून त्यांना नमस्कार करत होता. मी दोघांची ओळख करून दिली नाही. त्याचे हात थोडा वेळ जोडलेले राहिले, मग खाली गेले.

नाटक सुरू झालं. गोष्ट साधी होती, घर सोडून गेलेल्या मुलीची आणि तिला न अडवणाऱ्या बापाची. मारोतीचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचं भानही नव्हतं. मध्यंतराच्या थोडं आधी तो प्रसंग आला. मुलीचा भाऊ बापाला विचारतो, ती निघाली तेव्हा तुम्ही तिला थांबवलं का नाही? बाप गप्प. मी ही बापाची भूमिका केली तेव्हा तालमीत आणि प्रयोगातही दर वेळी इथंच अडकायचो, आणि दर वेळी मारोती मला इथंच सोडवायचा. आमच्याकडं मुद्दाम कुणी गप्प बसत नसे. गप्प बसला म्हणजे विसरला. तो मोठा नट मात्र बसून राहिला. सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलेलं. माझ्या मनात आपोआप मोजणं सुरू झालं. एक, दोन, तीन... आणि चौथ्याला माझ्या शेजारून तो आवाज निघाला. ‘दार उघडंच होतं.’

विंगेतून दिलेलं वाक्य लोकांना ऐकू जात नाही. पण मारोती आज लोकांमध्ये बसला होता. आजूबाजूच्या चार रांगांनी ते ऐकलं, आणि रंगमंचावरच्या नटानंही. त्यानं भूमिका सोडली, पुढं आला आणि अतिशय थंड, सभ्य आवाजात म्हणाला, ज्यांना नाटक पाठ आहे त्यांनी कृपया इतरांनाही ऐकू द्यावं. टाळ्या पडल्या, बराच वेळ. मारोती उठून उभा राहिला. त्याला वाटलं, उठायलाच पाहिजे. हात जोडून म्हणाला, ‘माफ करा साहेब, मला वाटलं अडकलात.’ नाट्यगृह हसलं.

मग कडेनं एक माणूस बॅटरी घेऊन आला. मारोतीला म्हणाला, काका, जरा बाहेर चला. आणि बॅटरी माझ्याकडं वळवून विचारलं, ‘हे तुमच्यासोबत आहेत का?’ चष्मेवाले गृहस्थ माझ्याकडं बघत होते. मी तोंड उघडलं आणि थांबलो. किती वेळ थांबलो ते मला ठाऊक आहे, कारण मारोती खुर्चीखालची पिशवी उचलायला वाकला होता आणि वाकल्या वाकल्या त्यानं चौथ्या आकड्याला, फक्त माझ्या कानात जाईल अशा आवाजात, वाक्य दिलं. ‘मी यांना ओळखत नाही.’ आणि मी ते उचललं. आयुष्यभर उचलत आलो तसंच, स्वच्छ, मोठ्या आवाजात. मारोती रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांना पिशवी लागू नये म्हणून ती छातीशी धरून, तिरका तिरका होत, बाहेर गेला.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो की ते वाक्य त्यानंच दिलं होतं. पण मारोतीनं कधी कुणाला दुसऱ्याचं वाक्य दिलेलं मला आठवत नाही. तो नटाच्या तोंडाकडं बघायचा आणि त्याचं जे असेल तेच द्यायचा.

मध्यंतरात मी बाहेर गेलो नाही. चष्मेवाले माझ्यासाठी कॉफी घेऊन आले, म्हणाले, कसे कसे लोक येतात. मी मान हलवली. दुसरा अंक माझ्या डोळ्यांसमोर झाला, पण मी तो पाहिला नाही. रिकाम्या खुर्चीकडं न बघण्यात माझा सगळा वेळ गेला. पडदा पडल्यावर गर्दीतून बाहेर आलो तर मारोती दुचाकी लावतात तिथल्या बुटक्या भिंतीवर बसलेला. मला वाटलं, आता तो बोलेल. तो उठला, माझ्याकडं आला आणि अधीरपणे विचारलं, ‘शेवट कसा केला रे त्यानं?’

आमच्या मंडळात त्या शेवटावरून फार वाद झाले होते. पुस्तकात एवढंच होतं की बाप एकटा उरतो, पडदा. मी तेव्हा रडलो होतो, आणि मारोतीला ते पटलं नव्हतं. मोठा नट काय करतो ते त्याला बघायचं होतं. आता मी त्याला काय सांगणार? मला आठवतच नव्हतं. मी म्हणालो, त्यानं खुर्ची दाराकडं फिरवली आणि लोकांकडं पाठ करून बसला. कुठून सुचलं कोण जाणे. मारोतीचा चेहरा उजळला. बसमध्ये त्यानं माझ्याकडून ते तीनदा वदवून घेतलं, खुर्ची कुठल्या बाजूनं फिरवली, फिरवताना वाजली का. मी एकेक रचत गेलो. ‘म्हंजी तोंड दिसलंच न्हाई लोकायला?’ नाही, म्हणालो. तो हसायला लागला. ‘आमी समोरून बघाया आलो, अन् तो पाठमोरा बसला.’ हसता हसता त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. नंतर कितीतरी वेळ तो झोपला आहे की जागा, ते मला कळलं नाही.

गावात तो कुणाला काही सांगेल, याची मला भीती होती. म्हणून मीच आधी सांगितलं, अर्धं. वेशीजवळच्या हॉटेलात, म्हणजे चहाच्या दुकानात, मंडळाची सगळी पोरं बसायची. मी उभा राहून सगळ्यांचे आवाज काढले, नटाचा, लोकांचा, आणि मारोतीचा ‘मला वाटलं अडकलात’. लोक बाकावरून पडायचे बाकी राहिले. पुढचा, बॅटरीवाल्याचा भाग मी गाळला. मारोती तिथंच बशीत चहा ओतत होता. मी त्याच्याकडं पाहिलं. तो मान हलवत म्हणाला, ‘लई येळ थांबला बापा तो. माणसानं किती मोजावं.’ पुन्हा हशा. त्यानं मला अडवलं नाही, उरलेलं कुणाला सांगितलंही नाही. त्यानंतर ती गोष्ट माझी झाली. लग्नात, बाजारात, कचेरीत, जिथं चार लोक जमतील तिथं मला सांगायला लावायचे, आणि मी सांगायचो. मारोतीला गावातली लेकरंसुद्धा ‘पुण्याचा प्रॉम्टर’ म्हणायला लागली.

त्या वर्षी गणपतीच्या तालमी सुरू झाल्या आणि मारोती आला नाही. बोलवायला गेलो तर म्हणाला, आता नजर काम देत नाही, हळदीचा व्यापही वाढलाय. वहीत कधी न बघणारा माणूस नजरेचं कारण सांगत होता, आणि मी ते मान्य केलं. दुसरा एक जण विंगेत उभा केला. त्या प्रयोगात पहिल्याच अंकात मी अडकलो, डावीकडं पाहिलं, तर तो वहीत बोट फिरवत ओळ शोधत होता. पुढच्या वर्षी नाटक झालं नाही. त्यानंतर कधीच झालं नाही.

माफी मागायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एकदा हळद शिजवायच्या दिवसांत ठरवून त्याच्या शेतावर गेलो. वाफेनं सगळं रान धुरकट झालं होतं. मी म्हणालो, ‘मारोती, पुण्याला त्या दिवशी...’ त्यानं माझ्या हातात टोपली दिली आणि म्हणाला, आधी हे पसर, गरम हाये तव्हरच पसरावं लागतं. पसरून झालं आणि मी तसाच घरी निघालो. शेवटची भेट या दिवाळीनंतरची, बाळापूरच्या स्टँडवरची. नांदेडला एका नाटकाचा दौरा येणार होता. मी म्हणालो, चल, तिकिटं मी काढतो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘तूच जाऊन ये. अन् मला सांग. तू सांगतूस बेस.’ त्याच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी अजून शोधतो आहे. त्याच्या चेहऱ्यावर तरी नव्हता. त्याची गाडी आली आणि तो चढला.

तेराव्यानंतर गावानं शोकसभा ठेवली, त्याच ओट्यावर, सकाळी. मंडळातल्या एकानं माझं नाव पुकारलं आणि वरून म्हणाला, पुण्याचं सांगा, मारोतीला आवडायचं ते. पुढं बायकांमध्ये सुमनवहिनी बसल्या होत्या. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. मी सांगितलं. आवाजांसकट सांगितलं. लोक ओल्या डोळ्यांनी हसले, वहिनीही पदराआड हसल्या. नेहमीच्या जागी गोष्ट संपली आणि मी थांबलो... एक, दोन, तीन. ओट्याच्या डाव्या अंगाला कुणी उभं नव्हतं. तिथून ते वाक्य आलं. ‘मी यांना ओळखत नाही.’ मी हात जोडून तसाच खाली उतरलो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवेना.

त्या दिवसापासून बोलता बोलता थांबायची मला धास्ती बसली. थांबलो की डावीकडून कुणीतरी मोजायला लागतं. मी मधेच मान वळवतो. बायको म्हणाली, ‘काहून सारखं तिकडं बघून राहिलात?’ मान आखडली आहे, असं तिला सांगितलं. पण एका रविवारी सकाळी उठलो आणि कुरुंद्याची गाडी धरली.

मारोतीच्या घरी अंगणात खणून आणलेल्या हळदीचा ढीग पडला होता आणि वहिनी एकट्याच गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत बसल्या होत्या. मी ओसरीवर चढलो तर तिथं एक प्लॅस्टिकची खुर्ची, घराकडं पाठ करून, दाराच्या अगदी तोंडाशी ठेवलेली. जायला वाट नाही अशी. मी ती बाजूला घेऊ लागलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘असू द्या भाऊजी. ती त्यांची. पुण्याच्या नाटकात तो मानूस असाच बसला व्हता ना? त्यांनी डोळ्यानं बघितलं व्हतं. जेवण झालं की खुर्ची फिरवायचे अन् असे बसायचे. म्हनायचे, सुमन, तोंड नाही दिसलं तरी मानूस दिसतो बघ.’

मी खुर्ची सोडली. खाली उतरून हळदीच्या ढिगाजवळ बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. बॅटरीवाला, त्याचा प्रश्न, माझं उत्तर, कॉफी, भिंतीवर बसलेला मारोती. दुसरा अंक त्यानं पाहिलाच नाही आणि मीही पाहिला नाही, खुर्ची कुणी फिरवली नाही, ती मी रचली, हेही सांगितलं. वहिनींचे हात चालू होते. मग थांबले.

‘म्हंजी अर्धंच बघितलं त्यांनी?’

‘व्हय.’

‘मला म्हनले, पुरं बघितलं. समोरून.’

वहिनी त्या खुर्चीकडं बघत राहिल्या. मी आशेनं वाट बघत होतो की त्या म्हणतील, जाऊ द्या भाऊजी, झालं ते झालं. आमच्याकडं बायका तसं म्हणतात. त्या तसं म्हणाल्या नाहीत. मी म्हणालो, वहिनी, मी तुमची माफी मागायला आलोय. तेव्हा त्यांनी पिवळे हात पदराला पुसले आणि उठल्या.

‘मला काहून मागता? त्यांच्यादेखत लोकायला कुठं हसवलं तुमी त्यांच्यावर? हाटेलात हसवलं. तिथं सांगा. मी येते.’

आमच्या गावात बाई हॉटेलच्या बाकावर बसत नाही. चहा हवा असेल तर लेकराला किटली देऊन पाठवतात. वहिनी आत शिरल्या आणि सरळ भिंतीजवळच्या बाकावर बसल्या. बसलेले उठले, उभे होते ते दाराशी सरकले. हॉटेलवाल्यानं न मागता फडकं मारलं आणि चहा द्यावा की नाही या विचारात गाळणी हातात धरून उभा राहिला. मंडळातले तिघं-चौघं होते, बाकीचे नवे. कुणीतरी वातावरण हलकं करायला म्हणालं, या, पुण्याचा किस्सा ऐकवा. मी म्हणालो, तोच सांगायला आलोय.

मी आवाज काढले नाहीत. तिसरी रांग, नटाचं थांबणं, मारोतीचं वाक्य. ‘मला वाटलं अडकलात’ तिथं एक जण सवयीनं हसला, वहिनींकडं त्याचं लक्ष गेलं आणि तो खाली बघायला लागला. नेहमी जिथं संपायचं तिथून मी पुढं गेलो. बॅटरीवाल्यानं काय विचारलं ते सांगितलं, आणि मी काय म्हणालो तेही. स्टोव्हचा आवाज तेवढा होता. हॉटेलवाल्यानं तो बंद केला. मंडळातला एक म्हातारा हळूच म्हणाला, ‘हे तं तू कधी सांगितलं न्हाई.’ मी म्हणालो, नाही सांगितलं, आणि मारोतीही बोलला नाही, मला जपत राहिला. रंगमंचावर मी कायम पुस्तकी, शुद्ध बोललो. त्या सकाळी ती भाषा तोंडात येईना. आई-बापासमोर बोलायचो त्याच बोलीत जे निघालं ते असं होतं :

‘मारोती माझ्यासंगं आला व्हता. आमी दोघं मिळून गेलो व्हतो. मी त्याला वळखत न्हाई म्हनलो, अन् वरून अकरा साल हितं उभं राहून तुमाला त्याच्यावर हसवलं. त्याची काही चूक नव्हती. त्यानं अडलेल्या मानसाला हात दिला, दुसरं काही केलं न्हाई. वहिनी, त्याचं नाटक मी अर्ध्यातून तोडलं. माझं चुकलं. मारोती, माझं चुकलं रे... मला माफ कर.’